कातडे, तार आणि समोरचा माणूस : रांगड्या तंतुवाद्यांच्या जिवंत परंपरेविषयी



मानोरा-कारंज्याच्या बाजूच्या इंझोरीतील या स्मृतिव्याख्यानासाठी तुणतुणे, किंगरी आणि बेंजो या वाद्यांचा विषय निवडला जावा, याचे काहींना नवल वाटेल. संगीतावरील व्याख्यान म्हटले की राग, घराणी आणि मैफली यांचीच अपेक्षा असते. मग ज्या वाद्याला एकच तार आहे, ज्याचा नाद उमटतो न उमटतो तोच विझतो आणि जे वाजवणारा मुख्य गायकाच्या मागे, उजेडाच्या कडेला उभा राहतो, त्याविषयी तासभर बोलण्यासारखे काय असणार, हा प्रश्न स्वाभाविक आहे. या व्याख्यानाचे उत्तर असे, की ज्या संगीताला नागर अभिरुचीने ‘रांगडे’ म्हणून बाजूला सारले, ते आपल्या जागी पूर्ण वाढलेले संगीत आहे. मात्र त्याची पूर्णता वाद्यात किंवा गायकाच्या गळ्यात साठवलेली नसते, ती समोर बसलेल्या माणसांच्या साक्षीनेच घडते, आणि म्हणून हे संगीत जिवंत वाजले तरच उरते. रांगडे संगीत याचा येथील अर्थ एवढाच, की जे उघड्यावर, अंगणात, पारावर किंवा मिरवणुकीत वाजते, लिहिलेल्या स्वरलिपीवाचून एका पिढीकडून दुसरीकडे जाते आणि ज्याच्या आवाजातील खरखर, ओढ व धार घासूनपुसून काढलेली नसते, ते संगीत.

प्रथम वाद्यांचा विचार. भारतीय संगीतशास्त्राने वाद्यांचे चार वर्ग फार पूर्वीपासून मानले आहेत : तारेची ती ‘तत’, फुंकीची ती ‘सुषिर’, कातड्याने मढवलेली ती ‘अवनद्ध’ आणि धातूची किंवा लाकडाची, आघाताने वाजणारी ती ‘घन’. भरताच्या नाट्यशास्त्रातील ही विभागणी तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ या ग्रंथात विस्ताराने मांडली, आणि तो ग्रंथ यादवराजा सिंघणाच्या आश्रयाने देवगिरीत, म्हणजे ज्या राज्यात त्या काळी वऱ्हाडही मोडत होते त्या राज्यात रचला गेला, हे येथील श्रोत्यांनी अभिमानाने लक्षात ठेवावे असे आहे. आता या चार वर्गांपैकी तुणतुण्याला कोणत्या वर्गात घालायचे? त्याला तार आहे, म्हणून ते तत. पण ती तार बोलते ती कातड्यातून, म्हणून ते अवनद्धही आहे. तुणतुण्याची घडण पाहिली की हा दुहेरीपणा स्पष्ट होतो. लाकडाचे किंवा पत्र्याचे एक पोकळ नळकांडे, त्याचे खालचे तोंड कातड्याने मढवलेले, कडेला बाहेरून घट्ट बसवलेली बांबूची काठी, काठीच्या माथ्यावर खुंटी, आणि कातड्याच्या मध्यातून निघून नळकांड्याच्या पोटातून वर जात खुंटीला गुंडाळलेली पोलादी तार : एवढाच हा संसार. यल्लम्माच्या जोगत्या-जोगतिणींच्या हातातील चौंडके याच कुळातले, फक्त त्याची तार खुंटीला बांधलेली नसते, ती हाताने ओढून धरलेली असते आणि ओढ कमी-जास्त केली की स्वर चढतो-उतरतो.

या साध्या घडणीत जे घडते ते साधे नाही. सतारीची किंवा तंबोऱ्याची तार तबलीला समांतर धावते आणि घोडीवरून आपला कंप लाकडाला देते. तुणतुण्याची तार कातड्यावर उभी रोवलेली असते आणि ती कातड्याला सरळ ओढते. तार छेडली की ती एका बाजूला जाते तेव्हा तिचा ताण वाढतो, मधोमध आली की कमी होतो, दुसऱ्या बाजूला गेली की पुन्हा वाढतो. म्हणजे तारेच्या एका पूर्ण हेलकाव्यात कातड्याला दोनदा हिसका बसतो, आणि त्यामुळे तारेच्या मूळ स्वरापेक्षा वरच्या सप्तकातील स्वर ठळकपणे कानी येतो. डफाच्या दणक्यातून, संबळाच्या घुमाऱ्यातून आणि शे-दोनशे माणसांच्या गलबल्यातून एका तारेचा आवाज शेवटच्या माणसापर्यंत कसा पोहोचतो, याचे एक कारण या उंच, टोकदार नादात आहे. ज्यांना या गोष्टी शास्त्राच्या तोलामोलाच्या वाटत नसतील त्यांनी हे ध्यानात घ्यावे, की १९०९ साली, नोबेल पारितोषिकाच्या तब्बल २१ वर्षे आधी, चंद्रशेखर वेंकट रामन यांनी एकतारीवर स्वतंत्र लेख लिहिला होता. थोर भौतिकशास्त्रज्ञाला भिक्षेकऱ्याच्या हातातील वाद्य अभ्यासावेसे वाटले, यातच त्या वाद्याची योग्यता पुरेशी प्रकट होते.

याच घडणीचा दुसरा परिणाम अधिक महत्त्वाचा आहे आणि पुढचे सारे विवेचन त्यावर उभे आहे. पातळ, ताणलेले कातडे तारेतील शक्ती झपाट्याने हवेत देऊन टाकते. त्यामुळे आवाज मोठा येतो, पण तितक्याच झपाट्याने विझतो. तंबोऱ्याचा झंकार एकदा छेडला की रेंगाळत राहतो आणि गायक त्याच्या आधाराने निवांत बसू शकतो. तुणतुणे तशी सवड देत नाही. नाद टिकवायचा तर पुन्हा छेडले पाहिजे, पुन्हा छेडले पाहिजे, आणि पुन्हा पुन्हा छेडण्यातून आपोआप लय जन्माला येते. एकच वाद्य गायकाला षड्ज पुरवते आणि त्याच वेळी ठेकाही धरते. स्वर आणि ताल यांची फारकत होण्यापूर्वीची ही अवस्था आहे, असे म्हटले तरी चालेल. म्हणूनच कातडे-तारेची वाद्ये जगात जेथे जेथे आहेत तेथे ती बहुधा नाचाशी, कथेशी किंवा चालण्याशी जोडलेली दिसतात. ऐकणाऱ्याला डोळे मिटून बसू न देता त्याच्या पायाला हालचाल देणे हा त्यांचा स्वभाव आहे, आणि तो स्वभाव त्यांच्या देहातून आलेला आहे.

यानंतर प्रश्न येतो तो या वाद्यांच्या कामाचा. गोंधळात संबळ, तुणतुणे आणि झांज यांचा मेळ असतो. दिवटीच्या उजेडात आधी देवदेवतांना आवाहन होते, मग आख्यान लागते आणि पहाटेच्या आरतीपर्यंत रात्र चालते. गोंधळ्यांच्या दोन प्रमुख शाखांपैकी रेणुराई ही माहूरच्या रेणुकेला मानणारी आणि कदमराई ही तुळजाभवानीला मानणारी. माहूर इंझोरीला परके नाही, येथील कित्येक घरांचा कुळाचार तेथेच जाऊन पोचतो. शाहिराच्या पोवाड्यात डफ शाहिराच्या हाती असतो आणि तुणतुणे झीलकऱ्याच्या. झील म्हणजे कडव्याची अखेरची ओळ उचलून तिचा सूर वरच्या पट्टीत लांबवणे. तमाशाच्या फडात हेच काम सुरत्ये करतात. शाहिराने श्वास घेतला तरी गाणे थांबत नाही, कारण त्या क्षणी झील आणि तुणतुणे मिळून सूर हवेत धरून ठेवतात आणि कथेतील ताण सैल पडू देत नाहीत. कलगी-तुऱ्यात तर दोन पक्ष समोरासमोर उभे ठाकतात : तुरेवाले शिवाचा म्हणजे पुरुषतत्त्वाचा मोठेपणा गातात, कलगीवाले शक्तीचा, एकाने कवनातून प्रश्न टाकायचा आणि दुसऱ्याने त्याच बैठकीत उत्तर जोडायचे. उत्तर जुळवताना शाहिराला जो अवधी लागतो तो कोण पुरवतो? मागे उभा असलेला तुणतुणेवाला. त्याच्या हातातील एका तारेवर तो अवधी तोललेला असतो.

मग अशा गाण्याची लांबी कोण ठरवतो? कागद ठरवत नाही, घड्याळ ठरवत नाही, एकटा गायकही ठरवत नाही. श्रोते रंगले असतील तर आख्यानाचा एखादा प्रसंग फुलवला जातो, बाया-माणसे पेंगू लागली तर लय चढवली जाते, यजमानाच्या कुळातील कोणी आठवला की त्याचे नाव कवनात ओवले जाते, आणि गावात नुकतीच घडलेली गोष्ट जुन्या कथेत अलगद येऊन बसते. रात्र दमट झाली की कातडे सैल पडते, स्वर उतरतो. मग शेकोटीजवळ वाद्य धरून किंवा खुंटी पिळून तो पुन्हा चढवला जातो आणि गायकही आपली पट्टी त्या वेळेच्या मानाने सांभाळतो. हवा, रात्र, माणसे आणि वाद्य यांची ही एकमेकांशी चाललेली जुळवाजुळव म्हणजेच जिवंत सादरीकरण होय. त्यातील कोणताही एक घटक काढला तर उरते ती नुसती चाल.

येथे क्षणभर शेजारच्या यवतमाळ जिल्ह्याकडे वळणे उचित ठरेल. तेथील परधान हे गोंडांचे परंपरागत कथाकार. परधानांची घरे गोंड यजमानांच्या घरांशी पिढ्यान्‌पिढ्या जोडलेली, आणि त्यांचे वाद्य किंगरी, म्हणजे कातड्याने मढवलेल्या लहान पेटीवर तारा ताणून घोड्याच्या केसांच्या गजाने वाजवायचे तंतुवाद्य. किंगरी वाजल्याखेरीज देव जागा होत नाही, अशी श्रद्धा. कुळाची उत्पत्ती, पूर्वजांचे प्रवास, देवांची भांडणे हे सारे किंगरीच्या साथीने सांगितले जाई. मानववंशशास्त्रज्ञ व्हेरियर एल्विन यांचे सहकारी शामराव हिवाळे यांनी १९४६ साली नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातील परधानांवर ग्रंथ लिहिला. तिकडे हेच काम ‘बाना’ नावाचे वाद्य करते. यजमानांचे दान आटत गेले तसे त्या भागातील परधानांचे कथाकथन क्षीण होत गेले, आणि जनगढसिंह श्याम यांच्यापासून त्यांच्यातील अनेकांनी त्याच देवकथा भोपाळमध्ये रंगरेषांत उतरवल्या. ती चित्रे जगभर गेली, हे आनंदाचेच आहे. तरीही चित्रातील देवाला जागे करण्यासाठी जो गज फिरायला हवा तो फिरवणारे हात कमी झाले, ही हानी त्या आनंदाने भरून येत नाही. याउलट, मानोरा तालुक्यातच पोहरादेवी येथे ५ ऑक्टोबर २०२४ रोजी बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. त्या समाजाचा नंगारा संग्रहालयात सन्मानाने आला, आणि होळीला तांड्यांवर तो लेंगी गीतांबरोबर घुमतोही आहे. वस्तू जपणे आणि वाजणे जपणे ही दोन्ही कामे एकाच वेळी चालू असण्याचे भाग्य प्रत्येक वाद्याला लाभत नाही.

आता समुद्रापलीकडचे एक उदाहरण, कारण आपल्या घरचे दुःख दुसऱ्याच्या घरात पाहिले की अधिक नीट कळते. अमेरिकेतील ‘बॅंजो’ हे वाद्य आज डोंगराळ भागातील गोऱ्या शेतकऱ्याचे म्हणून ओळखले जाते, पण त्याचे मूळ पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांच्या स्मरणात आहे. सेनेगल-गॅंबिया भागातील जोला लोकांचे ‘अकोंटिंग’ हे त्याचे जवळचे भावंड मानले जाते : भोपळ्यावर कातडे, त्यावरून जाणाऱ्या तारा, त्यांतील एक आखूड, आणि नखाने वरून खाली आघात करण्याची तीच रीत. हान्स स्लोन या अँग्लो-आयरिश वैद्याने १६८७-८८ मध्ये जमैकात अशी वाद्ये पाहिली आणि १७०७ साली छापलेल्या ग्रंथात त्यांचे चित्र दिले. एकोणिसाव्या शतकात गोऱ्या नटांनी तोंडाला काळे फासून हे वाद्य रंगभूमीवर नेले, काळ्या माणसाची टवाळी करीत ते लोकप्रिय केले, आणि ज्यांनी ते घडवले त्यांचेच नाव हळूहळू पुसले गेले. या बॅंजोच्या पाचव्या, आखूड तारेचे काम श्रोत्यांना ओळखीचे वाटेल : चाल कोणतीही असो, अंगठा त्या तारेवर पडत राहतो आणि एकच स्वर सतत झणकारत राहतो. तुणतुण्याने जे आपल्या शाहिराला दिले तेच त्या तारेने तेथील नाचाला दिले. बॅंजो आणि फिडल, म्हणजे खेड्यातील व्हायोलिन, ही जोडी. पुढे गिटार मिळाली. आणि या मेळातून धान्याच्या कोठारात, घरच्या ओसरीवर, शनिवारच्या नाचात वाजणारे तंतुवाद्यवृंद उभे राहिले.

जून १९२३ मध्ये अटलांटा शहरात फिडलिन जॉन कार्सन या वयस्क वादकाची तबकडी मुद्रित झाली आणि अशा संगीताला गिऱ्हाईक आहे, हे कंपन्यांना उमगले. १९२५ साली कापड गिरणीत राबलेला चार्ली पूल आपल्या साथीदारांसह न्यूयॉर्कला जाऊन आपले बॅंजोवादन मुद्रित करून आला. या ध्वनिमुद्रणांनी फार मोठे उपकार केले. पण त्यांनी एक किंमतही वसूल केली. तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटांची; नाचणारे थकेपर्यंत चालणारी धून तीन मिनिटांत बसवावी लागली, आणि पुढच्या पिढीने त्या तबकड्या ऐकूनच धून शिकली तेव्हा ती मुळातच तीन मिनिटांची असते असा समज रुजला. नॉर्थ कॅरोलायनातील जो थॉम्पसन हा कृष्णवर्णीय फिडलवादक १९१८ साली जन्मला आणि २०१२ साली निवर्तला. घराण्यातून आलेल्या नाचाच्या धुना त्याच्या बोटांत होत्या. २००५ साली तीन तरुण कृष्णवर्णीय वादक त्याच्या घरी जाऊन शिकू लागले, त्याच्यासमवेत तासन्‌तास वाजवू लागले, आणि त्यांच्या ‘कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स’ या वृंदाला पुढे ग्रॅमी पुरस्कार मिळाला. शिकणाऱ्यांसाठी तबकड्या उपलब्ध असूनही ते म्हाताऱ्याच्या ओसरीवर गेले, याचे मर्म फार खोल आहे. धून तबकडीवर सापडते. पण कोठे रेंगाळायचे, कोणाच्या पायाकडे पाहून लय चढवायची, कोणती चूक चूक नसते, हे माणसाशेजारी बसूनच कळते.

महाराष्ट्रात काय झाले? हॅरी ॲक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी पोवाडे गोळा करून १८९१ साली छापले आणि मराठी इतिहास-वाङ्मयाला ऋणी करून ठेवले. त्या संग्रहात शब्द आहेत. डफाची लय नाही, झीलीची उंची नाही, तुणतुणेवाल्याचे नाव तर नाहीच नाही. येथे तबकड्यांचा व्यवहार सुरू झाला तेव्हा नाट्यगीते आणि बैठकीचे गायन यांना अग्रमान मिळाला. रात्रभराचा गोंधळ तीन मिनिटांत बसणार तरी कसा? पुढे लाल बावटा कलापथकाने १९४४ पासून अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांच्या आवाजात तुणतुण्याला गिरणगावच्या आणि नंतर संयुक्त महाराष्ट्राच्या सभांत नेले, तेव्हा हे वाद्य पुन्हा एकदा हजारो माणसांसमोर उभे राहिले; तरी त्याचे वादन हा अभ्यासाचा विषय झाला नाही. मराठी संगीतविचाराने रागदारीवर जितकी पाने खर्ची घातली त्याच्या शतांशाने तरी झीलकऱ्याकडे पाहायला हवे होते. हा दोष स्पष्टपणे नोंदवणे भाग आहे.

आतापर्यंतचा धागा थोडक्यात धरायचा तर : कातड्यावरची तार सतत वाजत राहायला भाग पाडते, सतत वाजण्यातून लय येते, लयीला माणसांचा प्रतिसाद लागतो, आणि तो प्रतिसाद कागदावर किंवा तबकडीवर उतरत नाही. या धाग्याला आता बेंजो जोडावयाचा आहे, कारण गावोगावच्या तरुणांना तंतुवाद्य म्हणून आज तेच सर्वांत जवळचे आहे.

ज्याला महाराष्ट्रात बेंजो म्हणतात ते अमेरिकेतील वाद्य नव्हे. ते बुलबुलतरंग, त्याचा पूर्वज जपानचा. १९१२ साली नागोया शहरात मोरिता गोरो यांनी लाकडी पेटीवर तारा ताणून त्यांवर टंकलेखन यंत्रासारख्या कळा बसवल्या, डाव्या हाताने कळ दाबायची आणि उजव्या हातातील नखीने तारा छेडायच्या, अशी रचना केली. तिचे नाव ताइशोगोतो. हे स्वस्त, सुटसुटीत वाद्य व्यापाराच्या वाटेने भारतीय उपखंडात आले. बलुचिस्तानात ते मोठ्या आकाराचे ‘बेंजू’ झाले आणि तेथील वादकांनी त्यावर आपले सारे लोकसंगीत चढवले. मुंबईपासून विदर्भापर्यंत ते कव्वालीच्या पार्टीत हार्मोनियम-ढोलकीशेजारी येऊन बसले. कळांमुळे त्यावर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाण्याची क्रिया, नीट साधत नाही, ही त्याची मर्यादा सांगितली जाते आणि ती खरी आहे. याच कारणासाठी आकाशवाणीने हार्मोनियमला १९४० पासून १९७१ पर्यंत दूर ठेवले होते. पण मर्यादेतूनच शैली जन्मते : जेथे स्वर लांबवता येत नाही तेथे वादक नखीचे आघात दाट करतो, जोडीच्या तारा एकदम झणकारतात, आणि कव्वाल ओळ टाकून थांबला की बेंजो ती ओळ उचलून लोकांच्या टाळ्यांवर सोडतो. कातडे नाही, तरी काम तेच. झीलकऱ्याचे काम बेंजोवाल्याने अंगावर घेतले.

विदर्भात या वाद्याला जे घर मिळाले ते भीमगीतांच्या आणि बुद्धगीतांच्या कार्यक्रमांत. १४ एप्रिलच्या जयंतीला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुमारास गावोगाव कव्वालांचे मुकाबले रंगतात; एका बाजूची पार्टी प्रश्न टाकते, दुसरी उत्तर देते, आणि त्या सामन्यात कलगी-तुऱ्याचा जुना सवाल-जवाब नव्या विचाराने, नव्या स्वाभिमानाने बोलू लागतो. वामनदादा कर्डक यांच्यासारख्या कवीची गीते लाखो माणसांच्या ओठी गेली ती याच उघड्या मंडपांतून. शहरांकडे बेंजोला विजेची जोड मिळाली, तो गळ्यात अडकवून किंवा गाडीवर ठेवून गणपतीच्या मिरवणुकीत वाजू लागला, आणि २०१६ साली रवी जाधव यांनी ‘बँजो’ नावाचा हिंदी चित्रपट काढला तेव्हा मुंबईच्या या रस्त्यावरच्या वादकांकडे प्रथमच मोठ्या पडद्याचे लक्ष गेले. विजेवर वाजणारा बेंजो रांगड्या संगीतात धरावा का, याविषयी मतभेद संभवतो. येथील मत असे, की अवश्य धरावा, कारण वादक नाचणाऱ्यांकडे पाहतो आहे, त्यांच्या उसळीवर धून लांबवतो आहे, गर्दी पुढे सरकली की ठेका बदलतो आहे. ध्वनिवर्धकांच्या भिंती रचून लावलेले तयार गाणे मात्र कोणाकडेच पाहत नाही; ते ठरल्या क्षणी सुरू होते आणि ठरल्या क्षणी संपते. खरा भेद जुन्या-नव्याचा किंवा वीज असण्या-नसण्याचा नसून, वाजवणारा माणूस समोर आहे की नाही, एवढाच आहे.

शेवटचा मुद्दा सर्वांत कठीण आहे आणि तो टाळून या विषयावर प्रामाणिकपणे बोलता येणार नाही. कातड्याला हात लावणारा हात आपल्या समाजाने कमी मानला. नाथजोगी किंगरी घेऊन दारी आला तर त्याला भिक्षा मिळाली, आदर मिळेलच असे नाही. हलगी आणि डफ वाजवणारे गावाच्या बाहेर राहिले. लग्नात ज्यांच्या वाद्यावाचून वरात निघत नसे त्यांची पंगत वेगळी बसली. गावकीचे काम म्हणून सक्तीने वाजवायला लागणे हा गौरव नव्हता, ते जोखड होते. १९२७ च्या महाड सत्याग्रहानंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीने अशी अपमानास्पद कामे सोडण्याचा आग्रह धरला आणि अनेकांनी वाद्ये खाली ठेवली, ते सर्वथा योग्यच होते. जे संगीत माणसाची मान खाली ठेवून वाजवावे लागते ते थांबले तर त्याबद्दल हळहळण्याचा अधिकार ऐकणाऱ्यांना नाही. आणि तरीही त्याच चळवळीने आंबेडकरी जलसे उभे केले, भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी वाद्ये पुन्हा हाती घेतली, या वेळी कोणाच्या हुकमाने नव्हे, आपल्या इच्छेने आणि आपल्या विचारासाठी. अमेरिकेतील तरुण कृष्णवर्णीय वादकांनी टवाळीने डागाळलेला बॅंजो पुन्हा आपला म्हणून उचलला, त्याच्याशी या घटनेचे नाते फार जवळचे आहे. फरक एवढाच, की महाराष्ट्राने हे त्यांच्या कितीतरी आधी करून दाखवले.

म्हणून ‘परंपरा जपा’ असे नुसते म्हणणे पुरेसे नाही आणि न्याय्यही नाही. गोंधळ्याच्या मुलाने गोंधळीच व्हावे, परधानाच्या मुलीने किंगरीच धरावी, असा आग्रह धरणारी रसिकता ही जुन्या गावकीचेच नवे रूप ठरेल. त्या मुलाने अभियंता व्हावे, त्या मुलीने डॉक्टर व्हावे. आणि तुणतुणे शिकण्याची इच्छा असेल तर कोणत्याही घरातील मुलामुलीला ते शिकता यावे. वाद्य जातीकडून सुटून गावाकडे आले तरच ते टिकेल, आणि तसे येताना ज्यांनी ते शतकानुशतके सांभाळले त्यांचे नाव पुसले जाऊ नये, हीही तितकीच मोठी जबाबदारी आहे.

इंझोरीच्या श्रोत्यांना यासंदर्भात एक विनंती आहे, आणि ती मोठ्या निधीची वाट पाहणारी नाही. येत्या जत्रेला, जयंतीला, एखाद्या लग्नाला मिरवणुकीच्या खर्चातील काही वाटा बाजूला काढावा आणि हाताने वाजवणाऱ्यांना, म्हणजे गोंधळ्यांना, शाहिरांना, बेंजोच्या पार्टीला बोलवावे. त्यांना सन्मानाने सुपारी द्यावी, त्यांच्याशी एकाच पंगतीत जेवावे, आणि त्यांना वेळ द्यावा : अर्ध्या तासाचा सत्काराचा कार्यक्रम नको, पूर्ण रात्र हवी. गावातील ज्या तरुणांच्या हाती चांगले मोबाइल आहेत त्यांनी ती रात्र आरंभापासून आरतीपर्यंत न कापता मुद्रित करावी, आणि त्या मुद्रणाबरोबर मुख्य गायकाचेच नव्हे, तर तुणतुणेवाल्याचे, झीलकऱ्यांचे आणि बेंजोवाल्याचेही नाव, त्यांची संमती घेऊन, लिहून ठेवावे. शाळेतील शिक्षकांनी एखाद्या दुपारी त्या तुणतुणेवाल्याला वर्गात बोलवून मुलांच्या हाती ते वाद्य द्यावे आणि खुंटी पिळल्यावर स्वर का चढतो, हे त्यांना त्यांच्याच बोटांनी शोधू द्यावे. हे काम या हिवाळ्यातच सुरू करावे, एवढीच या सभेला प्रार्थना.